निकालपत्राचे वाचन : शाबितीचे ओझे कुणाच्या डोक्यावर?

दलित साहित्याच्या चळवळीने आपल्याला वाचायला शिकवले. कथा कुणी सांगितली, कुणाच्या वतीने सांगितली, तिच्यात कोण बोलतो आणि कुणाला मुके ठेवले आहे, हे प्रश्न आपल्या समीक्षेने मराठी साहित्याला विचारले आणि रसिकतेच्या नावाखाली चाललेली अनेक पिढ्यांची पोपटपंची उघडी पाडली. परंतु ज्या लेखनाने आपल्या जगण्यावर सर्वांत प्रत्यक्ष सत्ता गाजवली, त्या लेखनाकडे ही समीक्षा फारशी वळली नाही. ते लेखन म्हणजे कायद्याचे लेखन. अधिनियमाचे कलम, न्यायालयाचे निकालपत्र, तलाठ्याच्या दप्तरातली फेरफाराची नोंद. कादंबरीत आपले चित्रण चुकले तर आपण अपमानित होतो. निकालपत्रात ते चुकले तर आपली जमीन जाते, आरोपी सुटतो, पाणी बंद होते. तरीही कादंबरीवर आपण चर्चासत्रे भरवतो आणि निकालपत्र मात्र वकिलाच्या कपाटात ठेवतो.

हा प्रश्न फैजपूरसारख्या गावात बसून विचारावा असा आहे. यावल तालुक्यातल्या ह्या केळीच्या मुलखातल्या गावी डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. १९३५ चा कायदा नाकारून भारताची घटना भारतीयांच्या संविधान सभेने लिहावी, ही मागणी त्या मांडवातून पुन्हा करण्यात आली. म्हणजे 'कायदा कुणी लिहावा' ह्या प्रश्नाशी फैजपूरचे नाव इतिहासाने जोडलेले आहे. 'कायदा कुणी वाचावा' हा प्रश्न मात्र त्याच गावात आजही शिल्लक आहे. यावल आणि रावेर ह्या दोन तालुक्यांचे प्रांत कार्यालय फैजपूरला आहे. जातीच्या दाखल्यापासून जमिनीच्या नोंदीवरील अपिलापर्यंतची कागदपत्रे घेऊन माणसे तिथे येतात. हातात कागद असतो. वाचणारा दुसराच कुणीतरी असतो. तो अर्ज लिहिणारा असेल, दलाल असेल, नाहीतर गावातला पुढारी. आणि जो वाचतो तोच अर्थ ठरवतो.

आता ह्या भागातली, शेतमजुरांच्या घरातली मुले-मुली बी. ए. होऊन एलएल. बी. ला जाऊ लागली आहेत. त्यांच्याकडून आपली अपेक्षा मोठी आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु कायद्याच्या वर्गात त्यांना वाचायला शिकवले जाते काय, हे कुणी तपासत नाही. बहुतेक ठिकाणी चित्र एकच. परीक्षेच्या आधी गाईड येते. गाईडात कलमाचा क्रमांक, दोन ओळींचा सारांश, खाली एखाद्या खटल्याचे नाव आणि 'निकाल : अपील फेटाळले' एवढेच असते. विद्यार्थी ते पाठ करतो, पास होतो आणि सनद घेतो. ज्या पाठांतरशाहीने शतकानुशतके ज्ञान कोंडून ठेवले, तिच्याच रीतीने आपला विद्यार्थी कायदा शिकतो, ही विसंगती लक्षात घेतली पाहिजे. पाठ करणाऱ्याला ग्रंथाला प्रश्न विचारता येत नाही. त्याला फक्त ग्रंथाचा जप करता येतो.

पाठांतर व्यवहारातही किती कुचकामी ठरते ह्याचा दाखला ताजा आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि १८७२ च्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला. खुनाच्या शिक्षेचे कलम ३०२ होते, ते १०३ झाले. फसवणुकीचे ४२० गेले आणि ३१८ आले. ज्याने केवळ आकडे पाठ केले होते त्याची विद्या एका रात्रीत शिळी झाली. ज्याने कलमाची रचना वाचली होती, म्हणजे कृत्य कोणते, हेतू कोणता, अपवाद कुठे आणि सिद्ध कुणी करायचे हे समजून घेतले होते, त्याचे फारसे काही बिघडले नाही. क्रमांक बदलतात, वाक्य कसे काम करते ते टिकून राहते.

तेव्हा प्रश्न असा की, कायद्याचा विद्यार्थी वाचायला शिकतो म्हणजे नेमके काय शिकतो? ह्याचे उत्तर सिद्धांताच्या भाषेत देण्यापेक्षा एक निकालपत्र समोर घेऊन शोधावे. आणि ते आपल्या सर्वांच्या परिचयाचे, पण फार थोड्यांनी वाचलेले असावे. महाडच्या चवदार तळ्याचा निकाल.

चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्याला तोंडपाठ आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब तळ्यावर गेले, पाणी प्याले. मागून हजारो माणसे प्याली. डिसेंबरात दुसरी परिषद भरली, मनुस्मृती जाळली. त्यानंतरचा न्यायालयातला भाग मात्र आपण 'शेवटी हायकोर्टात आपण जिंकलो' ह्या एका वाक्यात उरकतो. गाईडसुद्धा एवढेच सांगते. हे वाक्य खोटे नाही, पण ते वाचनही नाही. निकालपत्र उघडून पाहिले की ह्या वाक्याखाली बरेच काही दडलेले सापडते.

पहिला प्रश्न विचारावा : कोण कुणाविरुद्ध गेले? सत्याग्रह अस्पृश्यांचा होता, पण दावा सवर्णांनी लावला. नरहरी दामोदर वैद्य आणि इतरांनी १२ डिसेंबर १९२७ रोजी महाडच्या न्यायालयात दावा दाखल केला. प्रतिवादी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी. वादी महाडच्या सवर्ण हिंदूंच्या वतीने आले होते आणि प्रतिवादींवर दावा होता तो समस्त अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून. म्हणजे निकाल पाच-सहा माणसांपुरता राहणार नव्हता. दोनच दिवसांनी, १४ डिसेंबरला, तात्पुरता मनाई हुकूम निघाला. डिसेंबरच्या परिषदेत लोक पाण्यावर जाण्याच्या निर्धाराने आले होते, तरी तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब ठेवावा लागला, त्याचे कारण हा कागद. हुकूम फेब्रुवारी १९२८ मध्ये उठला. परंतु दहा हजार माणसांना काठीने अडवणे कठीण होते, तिथे एका कागदाने त्यांना अडवले. कायद्याच्या लेखनाची ताकद आपल्या चळवळीने प्रथम एवढी जवळून पाहिली ती इथे.

दुसरा प्रश्न : वादींनी मागितले काय? तळ्याचा वापर करण्याचा अस्पृश्यांना हक्क नाही असे न्यायालयाने जाहीर करावे आणि त्यांना कायमची मनाई करावी. आधार कोणता? रूढी. माणसाच्या स्मरणापलीकडून चालत आलेली रूढी अशी आहे की ह्या तळ्यावर अस्पृश्यांनी यायचे नाही. इथे वाचणाऱ्याने थांबले पाहिजे. ज्या वस्तूला आपण अन्याय म्हणतो तिलाच वादी हक्क म्हणत आहेत, आणि न्यायालय ते ऐकून घेते आहे. कारण त्या काळच्या कायद्यात स्मरणातीत रूढी हा हक्काचा एक स्वीकृत उगम होता. निकालपत्र वाचताना संताप येणे स्वाभाविक आहे. पण संतापाने पान उलटले तर पुढचा मुद्दा निसटतो.

तो मुद्दा असा : शाबित कुणी करायचे? जो न्यायालयाकडे हक्क मागतो त्याने तो हक्क ज्या वस्तुस्थितीवर उभा आहे ती सिद्ध करावी, असे पुराव्याचा कायदा सांगतो. १८७२ च्या कायद्यात हे कलम १०१ होते, आजच्या अधिनियमात १०४ आहे. चवदार तळ्याच्या खटल्याचा कणा हाच आहे. खालच्या न्यायालयात १९३१ मध्ये, ठाण्याच्या असिस्टंट जज्जापुढे १९३३ मध्ये आणि मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी वादी हरले, ते समतेच्या तत्त्वावर नव्हे. अस्पृश्यांना दूर ठेवण्याची प्रथा स्मरणातीत असल्याचे त्यांना सिद्ध करता आले नाही, म्हणून अपिलात ते हरले. न्यायमूर्ती ब्रूमफील्ड यांनी निकालपत्र लिहिले. तळे नगरपालिकेचे, भोवती रस्ते, रस्त्यांपलीकडे सवर्णांची घरे. ही घरे उभी राहण्यापूर्वी कुणी कुणाला अडवण्याचा प्रयत्न तरी केला असेल काय, अशी शंका त्यांनी मांडली. अलीकडच्या काळात अस्पृश्य तिथे येत नव्हते हे खरे. पण त्यावरून ते कधीच येत नव्हते असे ठरत नाही, हा तर्काचा गाभा.

ह्याच निकालपत्रात आणखी एक जागा आहे, ती आपल्या विद्यार्थ्यांनी दोनदा वाचावी. न्यायालयाने तळे आणि देऊळ ह्यांत फरक केला. देवळाच्या बाबतीत दीर्घकाळ चालत आलेल्या प्रथेवरून ते देऊळ वरच्या जातींसाठीच अर्पण केले होते असे अनुमान निघू शकते, आणि मग आम्हीही त्यातले आहोत हे सिद्ध करण्याचा भार अस्पृश्यांवर पडू शकतो, असे निकालपत्र म्हणते. तळ्याच्या बाबतीत तसे अनुमान काढता येत नाही, म्हणून भार वादींवरच राहिला. काय झाले हे नीट पाहा. माणसे तीच, प्रथा तीच, बहिष्कार तोच. पण शाबितीचे ओझे एका डोक्यावरून दुसऱ्या डोक्यावर सरकले की निकाल उलटतो. त्याच तर्काने एखाद्या देवळाचा खटला आपण हरू शकलो असतो. 'आपण जिंकलो' म्हणणाऱ्याला हे कळत नाही. निकालपत्र वाचणाऱ्याला कळते.

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा : न्यायालय कशाविषयी बोलले नाही? रूढी सिद्ध झाली असती तर ती अवाजवी आहे काय, सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे काय, ह्याचा विचार कदाचित करावा लागला असता. पण ती सिद्धच झाली नाही, तेव्हा तो प्रश्न उरत नाही. ह्या अर्थाचे वाक्य लिहून न्यायालय थांबले. म्हणजे माणसाला पाण्यापासून दूर ठेवणारी रूढी कायद्याला चालते की नाही, हे १९३७ साली उच्च न्यायालयाने ठरवलेच नाही. विजय मिळाला आणि मूळ प्रश्न अनुत्तरित राहिला. कायद्याच्या शिक्षणात निर्णयाचा आधार आणि ओघात केलेले विधान असा भेद शिकवतात. परीक्षेत त्याची व्याख्या विचारतात. त्या व्याख्येचा जिवंत अर्थ हा आहे : कोणत्या विजयावर उभे राहता येते आणि कोणत्या विजयाखाली जमीनच नाही, हे ओळखणे.

हे आपल्याकडे एका माणसाने पुरेपूर ओळखले होते. तो माणूस त्या खटल्यातला प्रतिवादीच होता. हा निकाल लागला तेव्हा बाबासाहेब मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९३५ मध्ये ते त्या जागी आले आणि १९३८ पर्यंत होते. निकाल लागला त्याच वर्षी, ३१ जुलै १९३७ रोजी, ते न्यायालयाच्या कामासाठी आपल्या खानदेशात धुळ्याला आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले. दरवर्षी त्या दिवशी तिथे लोक जमतात, हे योग्यच आहे. पण बाबासाहेब धुळ्याला आले ते खटला चालवायला, हेही तिथे जमणाऱ्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. त्यांच्या बॅगेत कागद होते, आणि ते कागद त्यांनी वाचलेले होते.

आता १९३७ चे निकालपत्र डाव्या हाताला ठेवावे आणि उजव्या हाताला संविधान. अनुच्छेद १३ मध्ये 'कायदा' ह्या शब्दाच्या व्याख्येत कायद्याचे बळ असलेली रूढी आणि परिपाठही घेतले आहेत, आणि मूलभूत हक्कांशी विसंगत असा कायदा तेवढ्यापुरता शून्य ठरतो. ब्रूमफील्ड यांनी जो प्रश्न उघडा ठेवला त्याचे हे उत्तर आहे. आता रूढी कितीही जुनी शाबित करा, तिच्या म्हातारपणाने तिला हक्क मिळत नाही. अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी यादी आहे. राज्याच्या पैशाने पूर्णतः वा अंशतः चाललेल्या किंवा जनतेच्या उपयोगासाठी अर्पण केलेल्या जागांचा तिथे उल्लेख आहे. गाईड वाचणाऱ्याला ही यादी कंटाळवाणी वाटते. महाडचे निकालपत्र वाचलेल्याला तिच्यात तळे दिसते, नगरपालिका दिसते, 'हे तळे खाजगी की सार्वजनिक' ह्यावर झालेला वाद दिसतो. ज्या ज्या फटीतून वादी आत शिरू पाहत होते ती प्रत्येक फट इथे शब्दांनी बुजवलेली आहे. कायद्याचे वाक्य लांबलचक का असते ह्याचे उत्तर विद्यार्थ्याला ह्यापेक्षा चांगले मिळणार नाही. त्यातल्या बऱ्याच शब्दांमागे कुणीतरी लढवलेला आणि कुणीतरी भोगलेला खटला असतो.

अनुच्छेद १७ कडे पाहा. 'अस्पृश्यता' हा शब्द तिथे अवतरणचिन्हांत आहे आणि संविधानात कुठेही त्याची व्याख्या केलेली नाही. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी हे कलम आले तेव्हा नझिरुद्दीन अहमद यांनी शब्दाच्या संदिग्धतेवर बोट ठेवले होते. पुढे म्हैसूर उच्च न्यायालयाच्या, १९५८ च्या निकालसंग्रहात छापलेल्या एका निकालाने त्या अवतरणचिन्हांचाच अर्थ लावला : शब्दशः 'स्पर्श न करणे' हा इथला विषय नाही, इतिहासात ह्या देशात जी प्रथा वाढली ती हा विषय आहे. साहित्याचा विद्यार्थी विरामचिन्हांवर निबंध लिहितो. कायद्यात विरामचिन्हावर माणसांचे हक्क ठरतात.

मात्र संविधानाशी येऊन गोष्ट संपली असे मानणे म्हणजे पुन्हा पाठांतराकडे जाणे होय. चांगले कलम वाईट वाचले जाऊ शकते. खैरलांजी हा त्याचा पुरावा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातल्या त्या गावात भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. सप्टेंबर २००८ मध्ये भंडाऱ्याच्या न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरवले, सहा जणांना फाशी सुनावली; पण अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू होत नाही असे म्हटले. हत्या सूडातून झाली, जातीच्या कारणावरून नव्हे, हा त्यामागचा विचार. जुलै २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने फाशीची शिक्षा जन्मठेपेत बदलली आणि जातीविषयीचा तो निष्कर्ष कायम ठेवला. सारा महाराष्ट्र पेटला तो ह्या हत्याकांडावर. मोर्चे निघाले, निघायलाच हवे होते. परंतु त्या संतापाबरोबर कायद्याचे कलम किती जणांनी उघडले?

१९८९ च्या त्या कायद्याचे कलम ३(२)(पाच) तेव्हा असे होते की, पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे 'ह्या कारणावरून' गुन्हा केला पाहिजे. आता हे वाक्य संविधानाच्या अनुच्छेद १५ शेजारी ठेवा. अनुच्छेद १५ मध्ये 'केवळ' हा शब्द आहे : केवळ धर्म, वंश, जात अशा कारणांवरून. अत्याचारविरोधी कायद्याच्या कलमात 'केवळ' नाही. विधिमंडळाने जो शब्द एका ठिकाणी लिहिला जातो तो दुसऱ्या ठिकाणी लिहिला नाही. तरीही न्यायालयांच्या वाचनात तो पुन्हा पुन्हा शिरला. २०१९ सालच्या खुमानसिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, मृत व्यक्ती अनुसूचित जातीची होती केवळ ह्या कारणावरून गुन्हा झाल्याचा पुरावा नाही, असे म्हटले. म्हणजे शाबितीचे ओझे नुसते मृताच्या बाजूवर राहिले नाही, तर न लिहिलेल्या एका शब्दाने ते आणखी जड झाले. जात आणि सूड, जात आणि जमीन, जात आणि बाईचे शरीर ही गावात कधी वेगळी असतात काय? सूड कुणावर घ्यायचा आणि किती क्रूरपणे घ्यायचा हे जातच ठरवते. पण हे न्यायालयाला सांगायचे तर 'जात असतेच' ही घोषणा पुरत नाही. 'कलमात केवळ हा शब्द नाही' हे सांगावे लागते.

ते सांगितले गेले तेव्हा फरक पडला. २०१५ च्या दुरुस्तीने, जी २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली, 'ह्या कारणावरून' ऐवजी पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे 'हे माहीत असताना' अशी रचना आली. कलम ८ मध्ये भर पडली : आरोपीला पीडिताची वा त्याच्या कुटुंबाची वैयक्तिक ओळख असेल तर जात त्याला माहीत होती असे न्यायालय गृहीत धरील, उलट सिद्ध होईपर्यंत. गावात कुणाची जात कुणाला माहीत नसते? महाडच्या निकालात जे ओझे देवळापाशी आपल्याकडे सरकू पाहत होते, ते इथे कायद्याने उचलून आरोपीच्या डोक्यावर ठेवले. आणि २७ एप्रिल २०२१ च्या पतन जमाल वली प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले की, गुन्हा केवळ जातीमुळे घडला नाही एवढ्या कारणाने ह्या कलमाचे संरक्षण नाकारणे म्हणजे विषमता एकमेकींत मिसळून कशा काम करतात हे नाकारणे होय. तरीही त्या विशिष्ट खटल्यात पुराव्याअभावी त्या कलमाखालची शिक्षा न्यायालयाने रद्द केली. हेही विद्यार्थ्याने लपवू नये. तत्त्व आपल्या बाजूने आणि निकाल विरुद्ध, असे होऊ शकते. ते कसे होते हे समजणे म्हणजेच निकालपत्र वाचणे.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो आपल्याच कार्यकर्त्यांकडून येईल. वाचून काय होणार? न्यायाधीश कुठल्या समाजातून येतात, पोलीस तपास कसा करतात, साक्षीदार का फुटतात हे आपल्याला माहीत नाही काय? व्यवस्थाच त्यांची, तिचा ग्रंथ आपण कशाला वाचायचा? हा आक्षेप हलका नाही. कायदा वाचल्याने न्याय मिळतो असे म्हणणे भाबडेपणाचे आहे. खैरलांजीत तपासाच्या पहिल्या दिवसांत जे नोंदवले गेले नाही ते पुढे कुठल्याही वाचनाने भरून आले नसते. परंतु ह्याच आक्षेपाचा दुसरा भाग पाहावा. फिर्याद नोंदवतानाच कोणते शब्द कागदावर आले पाहिजेत, हे ज्याला कळते तो पोलीस ठाण्यात पहिल्या रात्री उपयोगी पडतो. मोर्चा दुसऱ्या आठवड्यात निघतो; फिर्याद पहिल्या रात्री लिहिली जाते. आणि जो ग्रंथ न वाचता नाकारतो तो नाकारणारा राहत नाही, त्या ग्रंथाच्या अर्थाचा ताबा तो समोरच्याला देऊन मोकळा होतो. मनुस्मृती जाळण्यापूर्वी ती वाचलेली होती.

हे वाचन मोठ्या खटल्यांपुरते नाही, हे फैजपूरच्या प्रांत कार्यालयापुढे उभे राहिल्यावर कळते. महार वतनाची जमीन घ्या. १८७४ च्या वतन कायद्याने महाराला राबवून घेतले आणि मोबदल्याला वतन म्हटले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात त्याविरुद्ध विधेयक आणले. कनिष्ठ ग्रामवतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली. त्या कायद्यात जमीन आधी सरकारजमा होते, मग आकाराच्या तिप्पट कब्जेहक्काची रक्कम भरल्यावर वतनदाराला परत दिली जाते, आणि परत देताना अट घातली जाते : जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतर नाही, वाटणी नाही. सातबाऱ्यावर ते 'भोगवटादार वर्ग २' ह्या एवढ्याशा शब्दांत उतरते. रक्कम भरली होती काय, फेरदान झाले होते काय, फेरफार केव्हा पडला, परवानगीशिवाय विकलेल्या जमिनीचे काय होते, ही सारी गोष्ट त्या दोन शब्दांमागे आहे. ज्याला ती वाचता येत नाही त्याला ती अट फक्त त्रास वाटते आणि तो कोऱ्या कागदावर अंगठा करतो. ज्याला वाचता येते त्याला कळते की तीच अट सावकाराविरुद्ध ढाल आहे आणि गरजेच्या वेळी पायातली बेडीही आहे. दोन्ही खरे आहे, आणि कोणत्या वेळी कोणते खरे हे कलम वाचूनच ठरते.

भाषेचा प्रश्न टाळून चालणार नाही. उच्च न्यायालयाची निकालपत्रे इंग्रजीत, आपला विद्यार्थी मराठी माध्यमातला. मराठीत अधिनियमांची भाषांतरे आहेत, भाषा संचालनालयाचा न्याय व्यवहार कोश आहे, सर्वोच्च न्यायालयाचे काही निकाल अलीकडे मराठीतही उपलब्ध होतात. पण ती मराठी 'परंतुक', 'पोटकलम', 'तत्सम प्रयोजनार्थ' अशी आहे. घरच्या अहिराणी-तावडीशी तिचे नाते नाही. विद्यार्थी तिला घाबरतो आणि गाईडाकडे पळतो. आमचे म्हणणे असे की, ह्या दोन्ही परक्या भाषा त्याने एकमेकींवर घासून वाचाव्यात. इंग्रजी कलम आणि मराठी कलम शेजारी ठेवावे. एकात असलेला शब्द दुसऱ्यात कुठे गेला ते शोधावे. मग तेच कलम आईला समजेल अशा बोलीत तोंडी सांगावे. सांगताना जिथे अडखळतो तिथेच त्याला ते समजलेले नसते. शिक्षकांनी परीक्षा घ्यायची तर ही घ्यावी. कायद्याची मराठी अवघड आहे ही तक्रार खरी आहे. पण परंतुकातच बहुधा पहिल्या ओळीने दिलेला हक्क काढून घेतलेला असतो, म्हणून परंतुक वगळून चालत नाही.

तेव्हा यावल, रावेर, फैजपूर, सावदा ह्या भागातल्या आपल्या अभ्यासमंडळांना आणि महाविद्यालयांतल्या शिक्षकांना एक साधी सूचना करावीशी वाटते. महिन्यातून एक बैठक एका निकालपत्रासाठी ठेवावी. सारांश वाचू नये, मूळ वाचावे. पहिल्या वाचनात फक्त घडले काय ते लिहावे. दुसऱ्या वाचनात वादीने मागितले काय आणि न्यायालयाने प्रश्न कसा मांडला ते पाहावे, कारण प्रश्न मांडण्यातच अर्धे उत्तर दिलेले असते. तिसऱ्या वाचनात शाबितीचे ओझे कुणावर ठेवले आणि कोणत्या वाक्याने ठेवले ते अधोरेखित करावे. चौथ्या वाचनात न्यायालय कशाविषयी गप्प राहिले ते शोधावे. कायद्याचा विद्यार्थी, शेतमजूर संघटनेचा कार्यकर्ता आणि शाळामास्तर एकत्र बसले तर उत्तम. कार्यकर्त्याला वस्तुस्थिती कळते, विद्यार्थ्याला कलम, आणि मास्तराला वाक्य. सुरुवात महाडच्या निकालपत्राने करावी. ते लांब नाही. आणि त्यातला मुख्य प्रतिवादी कोण होता हे कुणालाही सांगावे लागणार नाही.